दोन डब्यांची चूल: पत्रा, भोकं आणि हवेचा हिशेब

कसारा किंवा कर्जत लोकल धरून ट्रेकला निघायचं, तर सॅकमध्ये गॅसचं कॅनिस्टर, रॉकेल, पेट्रोल यांतलं काहीच नेता येत नाही. रेल्वे कायदा, १९८९ नुसार असे ज्वलनशील पदार्थ बरोबर बाळगणं गुन्हा आहे, आणि सकाळच्या गर्दीत तो का असावा हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. राहिलं सरपण. तीन दगडांची चूल कुठेही मांडता येते, पण ती लाकूड भरमसाट खाते, वारा सुटला की जाळ पातेलं सोडून बाजूच्या गवताकडे धावतो आणि चहा होईपर्यंत स्वयंपाक करणाऱ्याचे डोळे लाल होतात. आम्ही वापरतो ती पत्र्याच्या दोन डब्यांची चूल. वजन सगळं मिळून ३०० ग्रॅमच्या आसपास, लिटरभर पाण्याला मूठ-दोन मुठी काटक्या, आणि नीट जमली तर धूर जवळजवळ नाही. जमली नाही तर मात्र ती तीन दगडांपेक्षाही जास्त धुमसते. हा फरक पडतो भोकांच्या मापात आणि दोन डब्यांमधल्या फटीत, म्हणून पुढे मापं जरा सविस्तर दिली आहेत.

लाकूड पेटलं असं आपण म्हणतो, पण ज्वाळा असते ती लाकडातून निघणाऱ्या वायूची. लाकूड २००-३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की त्यातून ज्वलनशील वाफा सुटू लागतात. त्यांना गरम हवा पुरेशी मिळाली तर जाळ होतो, नाही मिळाली तर धूर. धूर म्हणजे वाया गेलेलं जळण. या चुलीत हवा दोन वाटांनी येते. बाहेरच्या डब्याच्या तळाजवळच्या भोकांतून ती आत शिरते. तिचा थोडा भाग आतल्या डब्याच्या बुडातल्या भोकांतून सरपणापर्यंत पोचतो. उरलेली हवा दोन डब्यांमधल्या पोकळीतून वर चढते, तापलेल्या पत्र्याला लागून गरम होते आणि आतल्या डब्याच्या काठाखाली असलेल्या भोकांच्या रांगेतून धुरात मिसळते. धूर तिथेच पेटतो. सरपण खालून नव्हे तर वरून पेटवायचं आणि आग हळूहळू खाली उतरू द्यायची, म्हणजे खालून येणाऱ्या प्रत्येक धुराला वरच्या जाळातूनच जावं लागतं. ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेतले थॉमस रीड यांनी मांडली. त्याच सुमारास नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो युगांडात स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. आपल्याकडे पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने सुधारित चुलींवर बरंच काम केलेलं आहे. डब्यांची चूल ही त्याच तत्त्वाची गरीब आवृत्ती.

आता डबे. आत बसणारा डबा साधारण १० सें.मी. व्यासाचा आणि १२ सें.मी. उंच हवा. आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा नेमका या मापाचा असतो, किलोभर रसगुल्ल्यांचा डबाही जवळपास तेवढाच. बाहेरचा डबा १२.५ ते १३ सें.मी. व्यासाचा आणि किमान १६ सें.मी. उंच, म्हणजे दूध पावडरचा किंवा बाळाच्या दुधाच्या पावडरचा किलोवाला पत्र्याचा डबा. दुकानाच्या फळीवरचे आकडे वजनाचे असतात, व्यासाचे नसतात, तेव्हा मोजपट्टी खिशात ठेवावी. घरात नसतील तर भंगारवाल्याकडे, मिठाईच्या दुकानाच्या मागच्या दाराशी किंवा केटररकडे मिळतात. महत्त्वाचं माप एकच: आतल्या आणि बाहेरच्या डब्यामध्ये चहूबाजूंनी १२ ते १५ मि.मी. पोकळी राहिली पाहिजे. १० मि.मी.पेक्षा कमी राहिली तर हवा चढत नाही. २० मि.मी.पेक्षा जास्त राहिली तर ती चढते, पण तापत नाही.

डबा घेताना फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलादी पत्रा, चालेल. नाही चिकटलं तर बहुधा ॲल्युमिनियम, ते ६६० अंशांना वितळतं आणि निखाऱ्यांच्या तळाशी तेवढं तापमान सहज होतं. कोल्ड्रिंकचे आणि डिओडरंटचे डबे म्हणून बाद. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, ज्यावर राखाडी फुलांसारखी नक्षी दिसते, तोही नको. तापल्यावर त्याचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला माहीत असतो. जुन्या तैलरंगाच्या डब्यांच्याही वाटेला जाऊ नये, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

हत्यारं साधी: हातोडी, सुंभा नाहीतर जाड खिळा, ड्रिल मशीन, ४, ६ आणि ८ मि.मी.ची बिटं, गोल कापणारी पत्र्याची कात्री, गोल कानस, पक्कड, मार्कर, आणि हातमोजे. हातमोजे चामड्याचे हवेत, किराणा दुकानातले रबरी नव्हेत. कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडइतकी धारदार असते आणि या कामात बोटं सतत तिच्या शेजारी असतात. ही सगळी हत्यारं नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतात, पण चार भोकांसाठी विकत घेण्यापेक्षा सोसायटीतल्या सुताराकडून तासाभरासाठी मागून आणलेली बरी.

सुरुवात आतल्या डब्यापासून. तो उघडायचा नेहमीच्या, वरून चक्ती कापणाऱ्या ओपनरने. बाजूने कापून गुळगुळीत कड देणारा ओपनर वापरला तर डब्याची दुमडलेली कड चक्तीबरोबर निघून जाते, आणि आपल्याला नेमकी तीच कड हवी आहे. पुढे आतला डबा तिच्यावरच लटकणार आहे. कागदाची लांब पट्टी कापून डब्याभोवती गुंडाळा आणि जिथे टोक भिडतं तिथे कापा, साधारण ३१ सें.मी. भरेल. ती पट्टी चार वेळा दुमडली की सोळा समान भाग होतात. पुन्हा डब्यावर चिकटवून काठापासून २ सें.मी. खाली प्रत्येक घडीवर खूण करा. मोजपट्टीने गोल डब्यावर सोळा खुणा करायला गेलं की शेवटच्या दोन कायम एकमेकींच्या अंगावर येतात.

भोकं पाडण्याआधी डबा ओल्या वाळूने ठासून भरा किंवा आत बसेल असा लाकडी ओंडका घाला. रिकाम्या डब्यावर हातोडी मारली की भोक पडायच्या आधी डबाच चेपतो, आणि चेपलेला डबा पुढे गोल भोकात नीट बसत नाही. प्रत्येक खुणेवर आधी सुंभ्याने ठोका, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मग ६ मि.मी.ची सोळा भोकं. त्यांच्या आतल्या बाजूचे कंगोरे गोल कानशीने काढून टाका, नाहीतर तिथे काजळी आणि राख अडकून भोक निम्मं होतं. बुडात ४ मि.मी.ची चोवीस भोकं पाडायची: मध्ये एक, त्याभोवती सात, आणि सगळ्यांत बाहेर सोळा.

हे आकडे हवेच्या हिशेबातून आले आहेत. वरच्या सोळा भोकांचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ४५० चौ.मि.मी., बुडातल्या चोवीस भोकांचं सुमारे ३०० चौ.मि.मी. वरच्या भोकांचं क्षेत्रफळ बुडातल्यांपेक्षा जास्तच हवं. बुडातून हवा जास्त आली की लाकूड भराभर वायू सोडतं, तेवढा वायू जाळायला वरची हवा पुरत नाही आणि चूल धूर ओकते. म्हणून बुडातली भोकं आधी कमीच ठेवावीत. जाळ मंद वाटला तर चार-सहा वाढवता येतात, पाडलेलं भोक मात्र बुजवता येत नाही.

बाहेरच्या डब्याला दोन्हींच्या बेरजेच्या दीडपट वाट हवी. ७५० चौ.मि.मी.च्या दीडपट म्हणजे ११००च्या वर. पायरीचं बिट (टप्प्याटप्प्याने रुंद होत जाणारं) असेल तर १२ मि.मी.ची दहा भोकं पुरतात. नसेल तर ८ मि.मी.ची चोवीस भोकं दोन रांगांत पाडा. पण कुठल्या बाजूला? हा डबा आपण उलटा वापरणार आहोत. त्याचं उघडं तोंड जमिनीकडे आणि बूड आकाशाकडे. तेव्हा भोकं तोंडाच्या बाजूला, काठापासून २ सें.मी. अंतरावर येतात. हे काम चालू असताना डबा कसा धरला आहे ते दोनदा बघा. उलट्या टोकाला भोकं पाडलेला डबा फक्त कुंडीच्या कामाला येतो.

यापुढचं काम सगळ्यांत नाजूक आहे आणि चुलीचं भलं-बुरं इथेच ठरतं. बाहेरच्या डब्याच्या बुडावर आतला डबा उलटा, मधोमध ठेवा आणि त्याच्या कडेभोवती मार्कर फिरवा. हे वर्तुळ १०.३ सें.मी.च्या आसपास येईल, कारण कड डब्याच्या अंगापेक्षा जरा रुंद असते. या रेषेवर कापलं तर आतला डबा सरळ खाली पडेल. म्हणून रेषेच्या आत ६ मि.मी. सोडून दुसरं वर्तुळ काढा आणि कापायचं ते हेच. मधोमध जाड भोक पाडून कात्रीचं टोक आत घाला आणि गोल गोल फिरत बाहेरच्या रेषेकडे या. एकदम रेषेवरून कापायला गेलात तर पत्रा वळतो आणि कात्री भलतीकडे पळते. वर्तुळ कापून झालं की त्याच्या कडेला दर सेंटिमीटरला ४ मि.मी. खोल काप द्या. झालेल्या पाकळ्या पक्कडीने एकेक करून खाली, डब्याच्या आत, जेमतेम काटकोनात वाकवा. आता आतला डबा वरून दाबला की पाकळ्या त्याच्या अंगाला चिमटा घेतल्यासारख्या धरून राहतात आणि कड वर अडकते.

पाकळ्यांचा हा खटाटोप धरून ठेवण्यासाठी कमी आणि फट बुजवण्यासाठी जास्त आहे. पोकळीतून वर आलेल्या गरम हवेला जर कडेभोवती फट सापडली तर ती तिथूनच निसटते आणि वरच्या सोळा भोकांकडे जातच नाही. चूल पेटते, पाणीही तापतं, पण भोकांतून जाळ काही दिसत नाही आणि माणूस लाकडाला दोष देत बसतो. जोडणी झाली की अंधारात बाहेरच्या डब्याच्या तळातून मोबाइलचा टॉर्च लावा. आतल्या डब्याच्या भोकांतून उजेड दिसायला हवा, कडेच्या बाहेरून गोल चंद्रकोर दिसता कामा नये. दिसली तर तिथल्या पाकळ्या पुन्हा वाकवा. बारीक फटीत राख आणि माती मळून भरली तरी चालतं, पहिल्या जाळात ती भाजून घट्ट होते.

पातेलं ठेवायला तीन बोल्ट लावतो. ५ मि.मी. जाड, ५० मि.मी. लांब, प्रत्येकाला दोन नट. बोल्ट काळे किंवा स्टीलचे घ्या, पिवळसर चमकणारे जस्ताचे नकोत. बाहेरच्या डब्याच्या बुडाची जी गोल पट्टी उरली आहे तिच्यावर समान अंतरावर तीन भोकं पाडून बोल्टची डोकी वर ठेवून एक नट वरून, एक खालून आवळायचा. हे आतला डबा बसवायच्या आधी करायचं, नंतर पाना आत शिरत नाही. डोक्यांची उंची चुलीच्या काठापासून ३ सें.मी. ठेवा. २ सें.मी.पेक्षा कमी ठेवली तर पातेलं ठेवताक्षणी चूल गुदमरते, ५ सें.मी.पेक्षा जास्त ठेवली तर धग वाऱ्यावर जाते. बोल्टचा आणखी एक फायदा: त्यांच्यामधून काटक्या सरकवता येतात, पातेलं उचलावं लागत नाही.

चुलीखाली ताटली हवीच. बाहेरच्या डब्याला बूड नाही, त्यामुळे बारीक निखारे आणि राख सरळ जमिनीवर पडतात. जुनी स्टीलची ताटली किंवा बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं झाकण घ्या. वाऱ्यासाठी आडोसा म्हणून तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा पत्रा उलगडून १५ सें.मी. उंच आणि ६५ सें.मी. लांब पट्टी कापावी. ती चुलीभोवती तीन-चार बोटं अंतर सोडून उभी करायची. अंगाला चिकटवून लावली तर ती हवाच अडवते. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात या पट्टीशिवाय पाणी उकळवत बसणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय.

पहिला जाळ स्वयंपाकाचा नाही. या डब्यांच्या आतून लाखेसारखा लेप असतो आणि बाहेरून छपाई. दोन्ही जळून गेल्याशिवाय चुलीवर काही ठेवायचं नाही. मोकळ्या जागी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून चूल दोनदा काठोकाठ भरून जाळा. आधी प्लास्टिक जळल्यासारखा वास येतो, मग छपाईला फोड येऊन ती काळी पडते आणि शेवटी पत्र्यावर निळसर-तपकिरी रंग चढतो. वास पूर्ण थांबला की चूल तयार. मुंबईत हे कुठे करायचं हा खरा प्रश्न आहे. गॅलरीत आणि बंद गच्चीवर अजिबात नाही. सोसायटीच्या गच्चीवर करायचं तर कमिटीला सांगून, आणि तरीही वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार करणारच. उघड्यावर कचरा जाळला तर महापालिका दंड करते, तेव्हा पेटवायला कचऱ्यातला कागद-प्लास्टिक घेऊन उगाच ओढवून घेऊ नका. आमचा सल्ला, पहिला जाळ पायथ्याच्या गावात, ओळखीच्या अंगणातच करावा.

सरपण हा स्वतंत्र विषय आहे. जाडी करंगळीएवढी ते अंगठ्याएवढी, लांबी ३ ते ८ सें.मी. बाभूळ, सुबाभूळ आणि सुरू उत्तम, निखारा धरून ठेवतात. आंबा चालतो, पण नीट वाळलेला हवा. नारळाची करवंटी जबरदस्त धग देते, मात्र एका वेळी दोन-तीन तुकड्यांपेक्षा जास्त टाकली तर तिचा तेलकट धूर वरच्या हवेला आवरत नाही. फळबाजारातल्या पेट्यांच्या फळ्या फार सोयीच्या, वाळलेल्या असतात आणि हाताने मोडतात. मोठ्या आयात-निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का बघा: ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची प्रक्रिया झालेली आहे, त्याला हात लावू नका. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेले फर्निचरचे तुकडे यांत डिंक आणि रसायनं असतात, तेही नको. रानात कण्हेर, शेर आणि बिब्बा ओळखता आला पाहिजे. कण्हेरीचं सगळं झाड विषारी आहे, शेराच्या चिकाने डोळे जातील इतकी आग होते, आणि बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड उठतात. ओळख पटत नसेल ते लाकूड चुलीत घालायचं नाही, साधा नियम.

ओलावा हा सगळ्यांत मोठा शत्रू. आकडाच घ्या. २०० ग्रॅम काटक्यांत ३० टक्के ओलावा असेल तर त्यात ६० ग्रॅम पाणी आहे. त्याची वाफ करायला दीडशेच्या वर किलोज्यूल लागतात, म्हणजे लिटरभर पाणी उकळायला लागतात त्याच्या निम्मे. शिवाय ती वाफ जाळ थंड करते आणि वायू पेटतच नाही. मुंबईच्या जुलैच्या हवेत उघड्यावर ठेवलेलं लाकूड कितीही दिवस ठेवलं तरी १८ टक्क्यांच्या खाली वाळत नाही, हवाच तेवढी दमट असते. पावसाळी ट्रेकची काटकी एप्रिल-मेमध्ये गच्चीवर वाळवून हवाबंद बरणीत भरून ठेवावी. दोन जणांच्या एका मुक्कामाला अर्धा किलो पुरते. वाळलेली काटकी मोडताना काडकन आवाज करते आणि दोन काटक्या एकमेकींवर आपटल्या की टणक वाजतात. ओली वाकते, मोडत नाही, आणि साल निघता निघत नाही. भिजलेल्या फांदीचं आतलं लाकूड पुष्कळदा कोरडं असतं, साल आणि वरचा थर सुरीने तासून टाका.

आता पेटवणं. आतला डबा वरच्या भोकांच्या एक बोट खालपर्यंत भरायचा. खाली जाड तुकडे, वर बारीक, अगदी ठासून नाही आणि अगदी पोकळही नाही. मध्ये हवा फिरली पाहिजे, पण आग एकदम तळापर्यंत पडता कामा नये. एवढ्या जागेत साधारण २०० ग्रॅम काटक्या मावतात. वर चिमूटभर नारळाची शेंडी पसरून तिच्यावर कापराच्या तीन-चार वड्या ठेवून पेटवा. कापूर पावसाळ्यातही दगा देत नाही. पहिली दोन-तीन मिनिटं धूर येईल, त्याकडे दुर्लक्ष करा आणि फुंकर अजिबात घालू नका. सवयीने तोंड पुढे जातं, पण फुंकणी तीन दगडांच्या चुलीसाठी. इथे फुंकर घातली की वरचा जाळ विझतो आणि तळ पेटतो.

मग पत्रा तापतो आणि बदल दिसू लागतो. आधी एखाद-दुसऱ्या भोकाच्या तोंडाशी निळसर जीभ दिसते, विझते, पुन्हा येते. थोड्या वेळात सगळ्या सोळा भोकांतून मध्याकडे वळलेल्या ज्वाळा निघतात आणि सरपणावरचा पिवळा जाळ जवळजवळ नाहीसा होतो. गॅसच्या शेगडीचा बर्नर वाटावा अशी चूल दिसते. धूर इथे थांबतो. पातेलं आता ठेवायचं, आधी नाही. थंड बूड जाळावर आलं की वायू जळायच्या आधीच थंडावतो आणि पातेल्याखाली काजळीचा थर बसतो.

लिटरभर पाणी २७ अंशांवरून उकळायला साधारण ३०६ किलोज्यूल उष्णता लागते. कोरड्या लाकडात किलोमागे १६ मेगाज्यूल असतात आणि अशा चुलीतून त्यातला पाचवा-चौथा हिस्सा पातेल्यात पोचतो. हिशेबाने ९० ग्रॅमच्या आसपास काटक्या पुरायला हव्यात, प्रत्यक्षात १२० धराव्यात. झाकण ठेवलं तर आठ ते बारा मिनिटांत पाणी उकळतं. एका भरतीचा जाळ वीस-पंचवीस मिनिटं चालतो. चहा आणि पिठलं त्यात आरामात बसतं. खिचडीला मध्ये काटक्या सरकवाव्या लागतात. एका वेळी दोन-तीनच घाला, मूठभर टाकल्या की धुराचा लोट येतो. दोन लिटरपेक्षा मोठं पातेलं ठेवू नका. चुलीचा पाया १२-१३ सें.मी.चा आहे, वर तीन किलो आले आणि ढवळताना धक्का लागला की उकळतं पाणी थेट मांडीवर. पातेल्याच्या बुडाला बाहेरून राख-मातीचं पातळ लेवण द्या, काजळी घासायला नखं झिजवावी लागत नाहीत.

चूल बिघडली की कारण बहुतेक वेळा भोकांत किंवा भरण्यात सापडतं. धूर थांबतच नसेल तर आधी बघा, सरपण वरच्या भोकांच्या वर तर आलं नाही ना. ती भोकं झाकली गेली की चूल साधा पेटता डबा होऊन बसते. पातेलं ठेवल्यावरच जाळ मरत असेल तर बोल्ट बुटके आहेत किंवा पातेलं फार रुंद आहे. सुरुवात छान होऊन मध्येच मंदावली तर बुडातली भोकं राखेने बुजली आहेत, बारीक तारेने खालून मोकळी करा. जाळ एकाच बाजूला कलत असेल तर वारा बाहेरच्या भोकांतून आरपार जातो आहे, आडोसा त्या बाजूला सरकवा. आणि ओल्या मातीत चूल रुतली असेल तर हवा येतच नाही. ताटली त्यासाठीही आहे. ओढ्यातला ओला दगड मात्र चुलीखाली घेऊ नये, आतलं पाणी तापून तो तडकतो आणि कपच्या उडतात.

ज्वाळा संपल्यावर तळाशी लाल निखारे उरतात, मूळ वजनाच्या पाचव्या भागाएवढे. दिसायला शांत, पण याच वेळी कार्बन मोनॉक्साइड सगळ्यांत जास्त निघतो, त्याला ना वास ना रंग. तंबूत, तंबूच्या पडवीत, गुहेत किंवा देवळाच्या बंद गाभाऱ्यात ही चूल नेऊ नका, बाहेर कितीही पाऊस असला तरी. निखाऱ्यांवर पाणी ओतलं तर गरम वाफेने हात भाजतो आणि पत्रा वाकडा होतो. चूल ताटलीसकट बाजूला ठेवून निखारे पूर्ण जळू द्या, मग राखेवर पाणी शिंपडून हाताने चाचपून बघा.

कुठे पेटवायची हेही ठरलेलं आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य इथे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि भारतीय वन कायदा, १९२७ यांनी जंगलात आग करण्यावर बंधनं घातली आहेत आणि वनरक्षक ती ऐकवतात. लोहगड, विसापूर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथल्या भिंतींना काजळी लावायला जाऊ नये. पायथ्याच्या गावात विचारून अंगणात किंवा शेताच्या बांधावर, खाजगी कॅम्पच्या ठरवून दिलेल्या जागेत पेटवावी. फेब्रुवारी ते मे या दिवसांत सह्याद्रीतलं गवत काडीला पेटतं. चुलीभोवती दोन मीटरपर्यंत गवत-पाचोळा साफ करून, दोन लिटर पाणी हाताशी घेऊनच काडी ओढायची. वणव्याचं निमित्त ठिणगीएवढंच असतं.

परतीला लोकलमध्ये चढण्याआधी राख पूर्ण झटकून चूल कापडी पिशवीत बांधा. जाड काजळी फक्त झटकून घ्यावी, चूल पाण्याने धुऊ नये. कथलाचा मुलामा पहिल्या जाळातच गेलेला असतो, त्यामुळे ओला पत्रा मुंबईच्या हवेत रातोरात गंजतो. घरी आल्यावर कापडावर दोन थेंब खोबरेल तेल घेऊन पुसलं तर गंज लांबतो. तरीही आतला डबा खपणारी वस्तू आहे. पत्रा फार पातळ, कायम जाळात, आधी तळाच्या कडेला बारीक छिद्रं पडतात आणि मग बूडच निखळतं. पाकळ्यांमुळे तो ओढून काढता येतो आणि नवा डबा त्याच मापात बसतो. कागदाची सोळा घड्यांची पट्टी म्हणून जपून ठेवावी.

एवढा खटाटोप नको असेल तर स्वयंपाकघरातलं चमचे ठेवायचं जाळीदार स्टीलचं स्टँड घ्या. खाली आणि बाजूला भोकं आयतीच असतात, स्टील असल्यामुळे डब्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं, आणि एका बाजूला ५ सें.मी.ची खिडकी कापली की काटक्या सरकवता येतात. हवा दोन वाटांनी येत नाही, त्यामुळे धूर जास्त आणि लाकूड दीडपट लागतं. पण आतल्या डब्याच्या जागी हेच स्टँड बसवायचा विचार करत असाल तर थांबा: त्याच्या अंगभर भोकं असल्याने गरम हवा वर पोचण्याआधीच सगळीकडून आत शिरते. त्यासाठी भांड्यांच्या दुकानातला १० सें.मी. व्यासाचा, दुमडलेल्या काठाचा साधा स्टीलचा डबा घ्यावा. स्टीलमध्ये ड्रिल सावकाश फिरवायचं, तेलाचा थेंब सोडत. वेगाने फिरवलं की पत्रा कडक होतो आणि बिटाची धार जाते.